'ठीक आहे ना?' विचारलं की सगळेच 'हो' म्हणतात. दमलेला ड्रायव्हर ओळखायचा कसा?

वळणवाट
नमस्कार मंडळी. मी एका वाहतूक कंपनीत ड्युटीचा चार्ट लावायचं काम करतो, म्हणजे कोणती गाडी कोण नेणार, किती वाजता निघणार, बदली ड्रायव्हर कुठे चढणार हे सगळं. रात्रीच्या गाड्या जास्त. गाडी सोडताना मी प्रत्येकाला विचारतो, झोप झाली का, ठीक आहे ना, आणि उत्तर कायम एकच, हो साहेब एकदम फिट. मध्यंतरी आमची एक गाडी पहाटे चारच्या सुमाराला सरळ रस्त्यावरून हळूहळू डावीकडे जात खाली उतरली. बाजूला मोकळी सपाट जमीन होती म्हणून खरचटण्यावर निभावलं. मी स्वतः जाऊन बघितलं, रस्त्यावर ब्रेक मारल्याची एकही खूण नाही. ड्रायव्हर म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात शांत माणूस, कसलं व्यसन नाही, गाडी पुसून हातात देणारा. तो आजही म्हणतो की मला झोप लागली नव्हती, समोर काहीतरी आडवं आलं. आणि मला मनापासून वाटतं की तो खोटं बोलत नाहीये.
मग माझ्यासारख्याने करायचं काय? माणूस स्वतःच म्हणतोय मी ठीक आहे तर त्याला कशाच्या आधारावर थांबवायचं? इथे ड्रायव्हर, रेल्वेवाले, जहाजावरचे, डॉक्टर असे बरेच जण आहेत म्हणून धागा काढलाय. अनुभव लिहा प्लीज.

निशिगंधा
मी झोपेच्या आजारांवर काम करते म्हणून लिहितेय. ब्रेकची खूण नाही, गाडी अलगद एका बाजूला गेली, वेळ पहाटेची, ड्रायव्हर एकटा जागा, ही झोपेच्या अपघाताची अगदी नेहमीची चिन्हं आहेत. जागा माणूस शेवटच्या क्षणी का होईना ब्रेक मारतो, स्टिअरिंग फिरवतो.
आणि तुमचा ड्रायव्हर खरंच खोटं बोलत नसणार. डुलकी दोन-चार सेकंदांची असते, कधीकधी डोळे उघडेच असतात, आणि ती लागली हे त्या माणसाच्या लक्षातही राहत नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. तेवढं अंतर गाडी कोणीच चालवत नसतं.
इंग्लंडमध्ये सेल्बीजवळ २८ फेब्रुवारी २००१ ला एक माणूस रात्रभर न झोपता पहाटे गाडी घेऊन निघाला, गाडी उतारावरून घसरून थेट रेल्वेच्या रुळांवर गेली, तिला प्रवासी रेल्वे धडकली आणि रुळावरून घसरलेल्या त्या रेल्वेवर समोरून मालगाडी आली. दहा जण गेले. कोर्टात त्याला शिक्षा झाली तरी तो म्हणत राहिला की मला झोप लागली नव्हती.
२००३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात धडधाकट माणसांना सलग १४ दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिलं. शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. पण त्यांना स्वतःला विचारलं तर पहिले काही दिवस झोप येतेय म्हणायचे आणि नंतर आता सवय झाली, फारसं काही वाटत नाही. सवय बिवय काही झालेली नसते. कामगिरी रोज घसरतच असते, फक्त ती घसरण जाणवायची बंद होते. म्हणून 'ठीक आहे ना' हा प्रश्न ज्या मेंदूला विचारायचा तोच दमलेला असतो, त्याच्या उत्तरावर गाडी सोडणं बरोबर नाही.

हायवेकर
डॉक्टर ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. ट्रकवर आयुष्य गेलं माझं. झोप यायला लागली की पहिल्यांदा जांभया येतात, डोळे चुरचुरतात, तेव्हा माणूस खिडकी उघडतो, गाणी मोठ्याने लावतो, तोंडावर पाणी मारतो, क्लीनरशी उगाच बोलत बसतो. पुढची पायरी खरी वाईट, जांभया थांबतात. एकदम बरं वाटायला लागतं. वाटतं गेली झोप. आणि मग मधेच ध्यानात येतं की मागचा पूल कधी गेला आठवतच नाही, टोलवर थांबलो होतो का तेही सांगता येत नाही. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच, वेग कधी कमी कधी जास्त, पांढऱ्या पट्टीवर चाक गेलं की घर्र आवाज होतो आणि दचकून जाग येते. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. त्या वेळी गाडी बाजूला घ्यायची, दुसरा इलाज नाही. पण घेत कोणी नाही, कारण पैसे खेपेवर मिळतात. माल वेळेत पोचला तर पुढची खेप, उशीर झाला तर कापून घेणार. वळणवाट भाऊ तुम्ही चांगल्या मनाने विचारता पण 'नाही, झोप नाही झाली' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला त्या दिवसाचे पैसे मिळतात का हे आधी सांगा.

स्पष्टवक्ता
जरा वेगळं मत मांडतो. सगळं मालकावर ढकलून चालणार नाही. रात्रीची ड्युटी आहे हे आधी माहीत असतं ना, मग दिवसा घरी झोपायला काय होतं? दिवसभर मोबाईल बघतात, घरची कामं उरकतात आणि रात्री स्टिअरिंगवर पेंगतात. शिस्त नको का? शेकडो लोकांचा जीव हातात असतो.

सावली
स्पष्टवक्ता, माझा नवरा रात्रीची बस चालवतो. शिस्त बघायची असेल तर आमच्या घरी येऊन बघा. सकाळी आठ-साडेआठला येतो, अंघोळ करून आडवा होतो, मी जाड पडदे लावते, बेल बंद करते, मुलांना दुसऱ्या खोलीत घेऊन बसते. तरी बाराच्या पुढे त्याला झोप लागत नाही, नुसता कूस बदलत पडतो. आणि साडेअकराला रोज ऑफिसचा फोन, आज येताय ना म्हणून. फोन बंद ठेवला तर गैरहजर लावतात. उचलला की झोप मोडली ती मोडलीच. मग तुम्हीच सांगा कोणाला शिस्त लावायची.

निशिगंधा
सावली, तुमच्या नवऱ्याचा दोष नाही हो. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. रात्रपाळी करून आलेला माणूस कितीही दमलेला असला तरी साधारण दुपार व्हायला लागली की शरीर त्याला जागं करायला लागतं, म्हणून दिवसाची झोप रात्रीपेक्षा छोटी आणि कच्ची होते. उलट रात्री दोन ते सहाच्या दरम्यान शरीराचं तापमान आणि सावधपणा सगळ्यात खाली असतो, आदल्या दिवशी छान झोपलेल्या माणसाचाही. दुपारी दोन-चारला छोटा उतार येतो तोही ह्यातलाच.
सकाळी ड्युटी संपवून येताना गॉगल लावला आणि घरात खोली अगदी काळोखी व थंड ठेवली तर थोडा फरक पडतो. पण फोनचं काहीतरी कराच.
स्पष्टवक्ता, एक आकडा देते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, २४ तासांनी तर ०.१० टक्क्याइतका. दारूसाठी आपण फुंकर मारायचं यंत्र वापरतो, माणसाच्या शब्दावर सोडत नाही. सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकराला गाडी काढतो तेव्हाच त्याचे १७ तास झालेले असतात, आणि खरी रात्र पुढेच असते.

स्पष्टवक्ता
सावलीताई, फोनची बाजू मला माहीत नव्हती. तो मुद्दा मान्य. पण मग ह्यात ड्रायव्हरची जबाबदारी काहीच नाही का?

सिग्नल_हिरवा
मी रेल्वेच्या इंजिनवर आहे. जबाबदारी आहेच पण तिचा उपयोग कुठपर्यंत होतो ते सांगतो. आमच्याकडे व्हिजिलन्सचं बटण असतं, ठराविक वेळात काही हालचाल केली नाही की दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरी दाबलं नाही तर ब्रेक लागतो. बाहेरच्यांना वाटतं म्हणजे झोपायचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात हात इतका सरावलेला असतो की अर्धवट झोपेतही बझर वाजला की बटण दाबलं जातं. हात जागा, माणूस झोपलेला. सिग्नल मोठ्याने बोलायचा आणि असिस्टंटने तो परत बोलायचा ही पद्धत बरी आहे, पण पहाटे चारला दोघांचीही तीच अवस्था असते, एकाने पिवळा म्हटलं की दुसरा न बघता पिवळा म्हणतो.
१ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये एक लोकल ताशी ३० मैलांच्या वळणावर ८२ मैलांनी गेली, चार जण दगावले. तपासात निघालं की चालकाला स्लीप अॅप्निया होता, झोपेत श्वास अडकायचा आजार, आणि तो कोणी तपासलेलाच नव्हता. वर त्याची पाळी थोडे दिवस आधीच उशिराच्या ड्युटीवरून पहाटेच्या ड्युटीवर बदललेली. हा माणूस घरी वेळेवर झोपतही असेल हो, पण अशी झोप अंगी लागत नाही. त्याने जबाबदारीने काय करायचं होतं? त्याला तर माहीतच नव्हतं.

निशिगंधा
अॅप्नियाबद्दल सगळ्या ड्रायव्हर लोकांनी वाचा. जोरात घोरणं, झोपेत गुदमरल्यासारखं होऊन जाग येणं, सकाळी डोकं दुखणं, जाड मान, वाढलेलं वजन, बीपी, आणि दिवसा कुठेही बसल्याबसल्या डोळा लागणं. घोरताना मधेच श्वास थांबतो हे बायकोला माहीत असतं, ड्रायव्हरला नसतं, म्हणून मी नेहमी म्हणते तपासणीला बायकोला बरोबर आणा. रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन वापरलं की बहुतेकांना फरक पडतो आणि गाडी चालवणं सोडावं लागत नाही. नोकरी जाईल ह्या भीतीने लोक लपवतात, तेच घातक आहे.

दर्यावर्दी
जहाजावर ड्युटी करतो, नेट मिळालं तसं लिहितोय, तुटक वाटलं तर समजून घ्या. आमच्याकडे नियम कागदावर चांगला आहे, २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा, आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. पण माणसं कमी असली की सहा तास वॉच म्हणजे जहाजावर लक्ष ठेवायची पाळी, सहा तास सुट्टी, आणि त्या सहा तासांत जेवण, कागदपत्रं, ड्रिल सगळं, झोप उरते चार-साडेचार तास. पोर्टला लागलं की कार्गो सुरू, मग तेही नाही. आणि विश्रांतीचा तक्ता मात्र नियमात बसेल असाच भरलेला.
शेन नेंग १ हे कोळशाचं जहाज ३ एप्रिल २०१० ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वॉचवर चीफ मेट म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी होता, आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता, लोडिंगवर देखरेख त्याचीच. वळायची जागा निघून गेली आणि त्याला कळलं नाही. एक्सॉन व्हाल्डिझ हे तेलवाहू जहाज तर सगळ्यांना माहीत असेल, १९८९, अलास्का, समुद्रात चार कोटी लिटरच्या वर तेल सांडलं. लोकांच्या लक्षात कॅप्टनची दारू राहिली. पण अमेरिकेच्या तपास मंडळाने कारणं लिहिताना थर्ड मेटचा, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा, थकवा आणि कामाचा बोजा पहिल्यांदा धरला, त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, तो होता. थकव्याची बातमी होत नाही, दारूची होते.

नभ
विमानाकडचं थोडं. २२ मे २०१० चा मंगळूरचा विमान अपघात, १५८ माणसं गेली. आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून कळलं की कॅप्टन वाटेत दीडेक तासाहून जास्त झोपलेला होता आणि उतरायच्या थोडं आधी उठला. फर्स्ट ऑफिसर म्हणजे दुसरा वैमानिक गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर घ्या, म्हणत होता तरी उतरणं सोडलं नाही. गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ मेंदू जड असतो, निर्णय चुकतात, ह्याला स्लीप इनर्शिया म्हणतात. ह्याचा अर्थ डुलकी वाईट असा नाही. नासाने लांबच्या उड्डाणांवर वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची ठरवून विश्रांती दिली, त्यात सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि नंतरची सावधता न झोपलेल्यांपेक्षा स्पष्ट चांगली होती. मुद्दा असा की डुलकी छोटी हवी, आधी ठरलेली हवी, आणि उठल्यावर लगेच हातात काम नको.

हायवेकर
नभ साहेब हे ट्रकवाल्यांसाठी सोपं करून कोणीतरी सांगा ना. गाडी बाजूला घेतली, पुढे काय?

निशिगंधा
हायवेकर दादा, सुरक्षित जागी गाडी लावा, आधी एक कप कडक कॉफी किंवा चहा घ्या आणि लगेच १५-२० मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. कॅफिन चढायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे तुम्ही उठाल तेव्हा ते कामाला लागलेलं असेल. उठल्यावर पाच-दहा मिनिटं खाली उतरून चाला, मग गाडी काढा. इंग्लंडमध्ये सिम्युलेटरवर हे तपासलंय, आणि तिथेच हेही दिसलं की गार हवा आणि रेडिओ ह्यांचा उपयोग फार थोडा वेळ होतो, तोही जेमतेम. पण हे सगळं पुढच्या झोपायच्या जागेपर्यंत पोचण्यापुरतं आहे, रात्र काढण्यासाठी नाही. झोपेचं कर्ज फक्त झोपेनेच फिटतं.

वळणवाट
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचला सगळा धागा. हायवेकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, आमच्याकडे गाडी न नेणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. आता कळतंय सगळे फिट का असतात ते. सावलीताई, तो साडेअकराचा फोन आमच्याकडेही जातो, वेळ वेगळी इतकंच. उद्यापासून तो संध्याकाळी पाचनंतर जाईल, हे माझ्या हातात आहे.
डॉक्टर, पण 'ठीक आहे ना' विचारायचं नाही तर विचारायचं काय?

निशिगंधा
तास विचारा. वाटतं कसं ते विचारू नका. एक साधा हिशोब आहे, २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातूनच आलेला. गेल्या २४ तासांत एकूण झोप किती? पाच तासांपेक्षा कमी असेल तर थांबवा. गेल्या ४८ तासांत किती? बारापेक्षा कमी असेल तर थांबवा. आणि तिसरं, उठल्यापासून ही ड्युटी संपेपर्यंत तो जितके तास जागा असेल ते ४८ तासांतल्या झोपेपेक्षा जास्त होता कामा नयेत. समजा दोन दिवसांत मिळून तेरा तास झोपलाय, आज दुपारी एकला उठला आणि गाडी सकाळी सहाला पोचणार, म्हणजे सतरा तास जागा. झोप तेरा, जाग सतरा. हा माणूस पहिल्या दोन्ही प्रश्नांत पास आहे पण तिसऱ्यात नाही. त्याला रात्री दोनला बदली द्या किंवा निघायच्या आधी संध्याकाळी दीड-दोन तास झोपवा. हे आकडे कमीत कमीचे आहेत, एवढी झोप पुरते असा अर्थ काढू नका.

हायवेकर
हिशोब चांगला आहे. पण पैसे कापणार असाल तर ड्रायव्हर तासही खोटेच सांगेल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. थांबवलेल्याला पगार द्या, निदान अर्धा तरी द्या, मग बघा किती जण खरं बोलतात.

दर्यावर्दी
हायवेकर +१. युरोपात ट्रक-बसच्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय, रस्त्याची सुरक्षा धोक्यात येईल अशा रीतीने किलोमीटरवर किंवा मालावर पैसे द्यायचे नाहीत. तिथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा, आणि गाडीतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं. आधी पैशाची गाठ सोडवली म्हणून तासांच्या नियमाला अर्थ आहे.

सिग्नल_हिरवा
वळणवाट, चार्टही तपासा. आज पहाटे पाच, उद्या दुपारी दोन, परवा रात्री दहा अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीर थोड्याफार सोसतं. रात्रीवरून दुपारी आणि दुपारवरून पहाटे अशा मागे सरकल्या तर मधली झोपच खाल्ली जाते. दोन ड्युट्यांमध्ये आठ तास दाखवले म्हणजे झोप आठ तास होत नाही, त्यात गाडी जमा करणं, घरी जाणं, जेवण, अंघोळ आणि परत येणं हे सगळं आहे. आणि फक्त चालवणाऱ्यांकडे बघू नका. लंडनला क्लॅपममध्ये १२ डिसेंबर १९८८ ला रेल्वे अपघातात ३५ माणसं गेली ती सिग्नलच्या एका मोकळ्या राहिलेल्या वायरमुळे, आणि ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. तुमचा रात्री ब्रेक बघणारा फिटर किती तास झोपलाय ते कोण विचारतं?

वळणवाट
फिटरचा विचार कधीच केला नव्हता, खरं सांगतो. तो पण यादीत घेतो.
मालकांशी बोललो. पूर्ण पगार द्यायला तयार नव्हते, लोक फायदा घेतील म्हणाले. मी त्यांना खाली उतरलेल्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल आणि बदली ड्रायव्हरचा महिन्याचा खर्च शेजारी शेजारी ठेवून दाखवला. तीन महिने करून बघू म्हणाले, थांबवलेल्याला दिवसाचा पगार मिळेल, खेपेचा भत्ता नाही. हायवेकर दादा, अर्धं काम झालंय असं समजा, भत्त्यासाठी अजून भांडणार आहे. मागे सरकणाऱ्या पाळ्या काढून नवीन चार्ट लावलाय. आणि झोपेचे तास लिहायची वही गेटवर न ठेवता माझ्याकडे ठेवणार आहे, म्हणजे दहा जणांसमोर सांगायला लागू नये.
आता अडलंय ते स्टँडबायवर. कोणाला थांबवलं तर त्याच्या जागी जाणारा माणूस आमच्याकडे रात्रभर ऑफिसच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याला पहाटे तीनला गाडी दिली तर तोही जागलेलाच. सिग्नल_हिरवा, तुमच्याकडे ह्याचं काय करतात?

सिग्नल_हिरवा
खुर्चीत बसवलेला माणूस स्टँडबाय धरूच नका. वेगळी खोली, पलंग, अंधार, दाराबाहेर गप्पा नाहीत आणि मोबाईल एका ठरलेल्या माणसाकडे जमा. उठवायचं ते निघायच्या निदान पाऊण तास आधी, नभ म्हणाले तो जडपणा उतरायला तेवढा वेळ पाहिजेच. त्याच्या वहीतही तेच तीन प्रश्न लिहा. आणि रात्री एकपर्यंत त्याला उठवायची वेळ आली नाही तर तिथून पुढे शक्यतो दोनच्या गाडीला त्याला नेऊ नका, सकाळच्या सहाच्या गाडीसाठी राखा, दोनची गाडी उशिरा गेली तर जाऊ दे.

सावली
पलंग टाकाल तेव्हा खोली जनरेटरच्या बाजूला नको, आमच्या ह्यांच्या डेपोत तशीच आहे आणि तिथे कोणी झोपत नाही.